करवत रेषा सोडून जाते: कारण कसे शोधावे आणि काप कसा सुधारावा

सुतारकाम नव्याने शिकणाऱ्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रेषा नीट आखलेली असते, करवत नवी असते, सुरुवातही रेषेवरच होते, आणि तरीही अर्धी फळी कापून होईपर्यंत काप एका अंगाला सरकलेला असतो. सांगलीतल्या माझ्या कार्यशाळेत धार लावण्यासाठी करवती येतात त्यांच्याबरोबर ही तक्रारही येते, आणि तिच्या मागोमाग ‘माझ्या हातालाच वळण नाही’ हा निष्कर्षही येतो. तो मला सहसा पटत नाही. वाकड्या कापाचे मूळ हातापेक्षा आखणी, आधार, उभे राहण्याची पद्धत, लाकूड किंवा पाते यांपैकी कशात तरी असते, आणि ते कशात आहे हे कापलेला तुकडा बऱ्याच अंशी सांगतो. म्हणून टाकाऊ तुकडा लगेच फेकू नये. त्याच्या चारही बाजू पाहाव्यात आणि मगच काय दुरुस्त करायचे ते ठरवावे.

पुढचे सर्व विवेचन पुढे ढकलताना कापणाऱ्या नेहमीच्या हातकरवतीविषयी आहे. ओढताना कापणारी जपानी पद्धतीची करवत वापरणाऱ्यांनी ढकलणे आणि ओढणे यांची अदलाबदल करून वाचावे. विजेवर चालणाऱ्या करवतीचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

लक्षणे

काप दर वेळी एकाच बाजूला, आणि तोही कमानीसारखा वळत जात असेल, तर संशय प्रथम पात्यावर घ्यावा. वरच्या अंगाला काप रेषेवर आहे, पण तुकडा उभा करून गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावला की खालची कड आत किंवा बाहेर गेलेली दिसते, हे निराळे लक्षण आहे. येथे करवत सरळ चालली, पण कललेली चालली. काप कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जात असेल आणि कापलेल्या अंगावर लाटा दिसत असतील, तर पकड घट्ट आहे आणि करवतीला वारंवार वळवले जात आहे असे समजावे. सुरुवातीलाच करवत उडते आणि रेषेच्या बाजूला ओरखडे पडतात, ही तक्रार वेगळ्या गटातली आहे आणि तिचा उपाय सोपा आहे. मध्येच पाते अडकणे, ढकलले तर वाकणे आणि ओढले तर किंचाळणे, याचे कारण बहुधा आधारात किंवा लाकडाच्या ओलाव्यात असते. शेवटी खालच्या बाजूने ढलपी निघणे आणि काप सरळ असूनही अंग खरखरीत, फाटल्यासारखे दिसणे ही दोन लक्षणे राहतात. त्यांत दातांचा प्रकार आणि धार पाहावी लागते.

एकाच तुकड्यावर दोन-तीन लक्षणे एकत्र दिसणे नेहमीचे आहे. तशा वेळी सर्व काही एकदम बदलू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलून त्याच फळीवर पुन्हा काप घ्यावा, नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आखणी आणि गुण्या

हे तपासायला एक पैसाही लागत नाही, म्हणून ते सर्वांत आधी. गुण्या खरोखर काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी एका सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून टोकदार पेन्सिलीने रेषा ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच कडेला दुसऱ्या बाजूने टेकवावा आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेषा ओढावी. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर गुण्या बरोबर आहे. त्या वरच्या टोकाला फाकल्या तर जितके अंतर दिसते त्याच्या निम्मा दोष गुण्यात आहे. हार्डवेअरच्या दुकानातला नवा गुण्याही या परीक्षेत नापास झालेला मी पाहिला आहे, त्यामुळे नवा आहे म्हणून त्याला सूट देऊ नये. फळीची कडच वाकडी असेल तर मात्र ही परीक्षा व्यर्थ आहे. आधी रंधा मारून एक कड सरळ करून घ्यावी आणि सर्व मापे त्याच कडेपासून घ्यावीत.

रेषा केवळ वरच्या अंगावर ओढणे ही दुसरी उणीव. ती वरच्या अंगावर, दोन्ही कडांवर आणि शक्य असेल तेथे खालच्या अंगावरही फिरवून घ्यावी, आणि फिरून आलेली रेषा सुरुवातीच्या बिंदूला मिळते का ते पाहावे. कापताना डोळ्याला वरची रेषा आणि समोरची कडेची रेषा अशा दोन्ही एकाच वेळी दिसल्या, की करवत कलली आहे हे लगेच लक्षात येते.

बोथट पेन्सिलीची रेषा चांगली अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड होते आणि त्या जाडीत कोठे कापायचे हे हातालाही ठाऊक नसते. म्हणून जेथे काप दिसणार आहे तेथे धारदार कटरने किंवा चाकूने रेषा कोरावी. कोरलेल्या रेषेने लाकडाचे वरचे रेषे (तंतू) आधीच तुटतात, त्यामुळे करवतीच्या दातांनी ते उपटले जात नाहीत आणि कड स्वच्छ राहते. रेषेच्या कोणत्या बाजूचा तुकडा टाकायचा आहे, त्यावर फुलीची खूण करावी आणि करवत त्या फुलीच्या बाजूने, रेषेला चिकटून पण रेषा न खाता चालवावी. करवत स्वतःच्या दातांइतकी जागा खाते, ती सहज अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटर असू शकते. ‘माप बरोबर घेतले पण खुर्चीचा एक पाय आखूड झाला’ या तक्रारीचा उगम बहुधा येथेच असतो.

फळीचा आधार

हलणाऱ्या फळीवर सरळ काप घेणे अनुभवी सुतारालाही जमत नाही, आणि नवशिक्या मात्र फळी एका स्टुलावर ठेवून डाव्या हाताने दाबत कापत असतो. फळी हलली की करवतीची दिशा बदलते, दिशा बदलली की ती सावरण्यासाठी मनगट वळते, आणि मनगट वळले की पाते फटीत अडकते. साखळी येथून सुरू होते, दोष मात्र शेवटी मनगटाच्या माथी मारला जातो.

लहान तुकड्यांसाठी एक साधी पाटी घरीच करता येते. फूटभर लांब आणि आठ इंच रुंद अशा 18 मिलिमीटर प्लायवुडच्या तुकड्याला एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून अशी एकेक रीप स्क्रूने बसवावी. खालची रीप टेबलाच्या कडेला अडते, वरच्या रिपेला लाकूड टेकते, आणि करवत पुढे ढकलली की तुकडा आपोआप घट्ट बसतो. ही पाटी करणे हाच पहिला सरावाचा काप समजावा. मोठ्या फळीसाठी गुडघ्याच्या उंचीच्या दोन घोड्या (फळी ठेवायचे लाकडी आधार) आणि एक-दोन सी क्लॅम्प पुरेसे आहेत.

आधार कोठे द्यायचा हेही महत्त्वाचे आहे. दोन्ही टोकांना आधार देऊन मध्ये कापले, तर काप खोल जाईल तशी फळी स्वतःच्या वजनाने मध्ये खचते, वरची फट मिटते आणि पाते चिमटले जाते. टोकाबाहेर लोंबणारा तुकडा कापला तर फट उघडी राहते, परंतु शेवटच्या इंचात तुकडा वजनाने मोडून पडतो आणि जाताना खालची लांब ढलपी घेऊन जातो. यासाठी कापाच्या दोन्ही बाजूंना आधार असावा, आणि तसे शक्य नसेल तर सुटणारा तुकडा दुसऱ्या माणसाने केवळ तोलून धरावा; वर उचलू नये, कारण उचलल्यानेही फट मिटते.

उभे राहणे, पकड आणि सुरुवात

खांदा, कोपर, मनगट आणि करवतीचे पाते ही सर्व एका उभ्या प्रतलात यावीत, एवढेच येथे साधायचे आहे; बाकीच्या सूचना त्यासाठीच आहेत. उजव्या हाताने कापणाऱ्याने डावा पाय पुढे आणि उजवा मागे ठेवून, अंग किंचित तिरपे करून उभे राहावे, म्हणजे कोपर मागे जाताना बरगडीला अडत नाही. कोपर अंगावर आदळत असेल तर हात प्रत्येक खेपेला थोडासा बाहेरून वळसा घेतो आणि तो वळसा कापात उतरतो. मुठीत तीन बोटे आणि तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ, ही पकड पाहायला साधी वाटते, पण तिने करवत मुठीत फिरत नाही. पकड सैल असावी. वजन करवतीचे असावे, आपले नव्हे.

पाते चकचकीत असेल तर त्याचाच आरसा करता येतो. फळीवर करवत टेकवून पात्यातले फळीच्या कडेचे प्रतिबिंब पाहावे. खरी कड आणि प्रतिबिंबातली कड एका सरळ रेषेत दिसली तर करवत फळीच्या काटकोनात आहे. प्रतिबिंब मोडल्यासारखे दिसले तर करवत त्या बाजूला कलली किंवा वळली आहे. ज्यांचा काप वर सरळ आणि खाली तिरपा येतो, त्यांपैकी पुष्कळांना या एका युक्तीने दुसरे काहीही न करता गुण येतो. मी ती सर्वांत आधी सांगत नाही, कारण हलत्या फळीवर तिचा उपयोग होत नाही.

सुरुवात करताना डाव्या हाताच्या अंगठ्याचे पेर पात्याच्या बाजूला टेकवावे, दातांपासून वर, आणि करवतीचे वजन जवळजवळ उचलून धरून छोट्या हलक्या खेपा द्याव्यात. दात लाकडात बसेपर्यंत जोर अजिबात देऊ नये. तरीही करवत उडत असेल, तर कोरलेल्या रेषेच्या टाकाऊ बाजूने पटाशीने (सपाट धारेच्या छिन्नीने) बारीकशी तिरपी खाच काढावी, म्हणजे पात्याला टेकायला भिंत मिळते. एकदा चीर पडली की लांब खेपा घ्याव्यात आणि पात्याची शक्य तितकी पूर्ण लांबी वापरावी. मधल्या चार इंचांनीच कापत राहिल्यास तेवढेच दात बोथट होतात आणि खेप आखूड असल्याने दिशाही टिकत नाही. लाकडाच्या तंतूंना आडवा काप घेताना पाते फळीशी साधारण 45 अंशांत आणि तंतूंच्या लांबीने चिरताना साधारण 60 अंशांत ठेवावे.

काप रेषा सोडू लागल्याचे दिसताच थांबावे. फटीतले पाते पिळून रेषेवर आणण्याचा मोह आवरायलाच हवा, कारण पिळल्याने फट रुंद होते, पाते घासते आणि पातळ पाते कायमचे वाकूही शकते. त्याऐवजी करवत मागे घेऊन, जेथपर्यंत काप बरोबर होता तेथून, कोन थोडा कमी करून, हलक्या खेपांनी पुन्हा वाट पाडावी. फळी जाड असेल तर अर्धा काप एका अंगाने घेऊन, फळी उलटून, दुसऱ्या अंगाच्या रेषेवरून उरलेला घ्यावा. दोन काप मध्ये भेटतात तेथे बारीकशी पायरी राहिली तर ती रंध्याने किंवा पटाशीने जाते.

मेण, गंज आणि खालची ढलपी

या गोष्टींवर थोडक्यात लिहिणे पुरे. पात्यावर गंज किंवा चीक चढला असेल तर ते फटीत घासते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चीक काढावा, बारीक पॉलिश पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवावा, दातांना हात लावू नये, आणि शेवटी दोन्ही अंगांवर मेणबत्ती ओढावी. मेणाने किती फरक पडतो हे सांगून पटत नाही, करून पाहावे. खाद्यतेल लावू नये. ते लाकडात मुरते, पुढे पॉलिश धरत नाही, आणि पात्यावर वाळून चिकट होते.

खालच्या बाजूची ढलपी टाळण्यासाठी फळीखाली टाकाऊ फळी घट्ट बांधून दोन्ही एकत्र कापाव्यात, किंवा निदान खालच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी दाबून लावावी, आणि शेवटच्या अर्ध्या इंचात खेपा हलक्या कराव्यात. सनमायका किंवा व्हिनीअर लावलेला प्लाय हातकरवतीने कापताना चांगली बाजू वर ठेवावी, कारण दात खाली जाताना कापतात आणि फाटायचे ते खाली फाटते. हातात धरायच्या विजेच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून तेथे चांगली बाजू खाली ठेवावी. हा फरक ठाऊक नसल्याने महागडे प्लाय वाया जाताना दिसतात.

करवत त्या कामाची आहे का

लाकडात रेषे एका दिशेने धावतात, आणि त्यांच्या आडवे तोडणे व त्यांच्या लांबीने चिरणे ही दोन वेगळी कामे आहेत. चिरण्याच्या करवतीचे दात पटाशीसारखे सरळ घासलेले असतात आणि ते रेषे खरवडून काढतात. तोडण्याच्या करवतीचे दात तिरपे घासलेले असतात आणि त्यांची टोके रेषे आधी छेदतात. चिरण्याच्या करवतीने आडवे कापले तर अंग फाटते, आणि तोडण्याच्या करवतीने चिरले तर काप संपता संपत नाही, माणूस वैतागून जोर लावतो आणि रेषा सुटते. त्यामुळे खरखरीत अंग दिसले तर धार लावण्याआधी दातांचा आकार पाहावा.

दातांची संख्याही पाहावी. चिरण्यासाठी इंचाला 5 ते 7 दात, साध्या आडव्या कापासाठी 8 ते 12, आणि सांध्यांच्या बारीक कामासाठी पाठीवर पोलादी किंवा पितळी पट्टी असलेली, 12 ते 16 दातांची आखूड करवत योग्य ठरते. साधारण नियम असा की लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात बसले पाहिजेत. त्याहून कमी बसत असतील तर करवत अडखळते आणि कपच्या उडवते. पातळ पट्टीवर मोठ्या दातांची करवत चालवणारा नवशिक्या स्वतःला दोष देत बसतो, हे मला विशेष खटकते, कारण त्या जोडीने कोणालाही स्वच्छ काप मिळणार नाही.

दोनच करवती घेण्याइतके पैसे असतील, तर एक 10-11 दातांची साधी आणि एक पाठीची बारीक घ्यावी. चिरकाम सॉ मिलवर करून आणावे. दोन इंच जाडीची सहा फुटी फळी हाताने चिरण्याचा हट्ट सुरुवातीच्या वर्षात करू नये. त्यात शिकण्यासारखे फार थोडे आहे आणि उत्साह मात्र पुरता निघून जातो.

लाकूड

आपल्या सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत लाकडाचा ओलावा हे मोठे कारण आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात 500 मिलिमीटरच्या आसपास. सांगलीत शिराळा आणि जत यांच्यातही मोठा फरक आहे. पाटण किंवा शिराळ्याच्या बाजूने पावसाळ्यात आणलेली फळी कोरड्या भागात आली की वाळू लागते, आणि वाळताना ती आखडते, वळते व तिच्या आतला ताण बदलतो. अशी फळी कापताना फट आपोआप मिटते आणि करवत चिमटली जाते. ओले रेषे तुटण्याऐवजी फुलतात आणि भुसा चिकट होऊन दातांत बसतो.

लाकूड वाळले आहे का, हे पाहण्यासाठी महागडे यंत्र नको. फळीच्या टोकापासून थोडा आतला एक तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावा, वजन त्याच तुकड्यावर लिहावे, आणि हवेशीर सावलीत ठेवून दर दोन दिवसांनी पुन्हा तोलावे. वजन उतरत असेल तर ती फळी ओली आहे. उघड्या हवेत वाळवण्याचा जुना अंदाज इंचभर जाडीला एक वर्ष असा आहे. तेवढे थांबता येत नसेल आणि फट मिटत असेल, तर काप चार-पाच इंच गेल्यावर मागच्या बाजूने फटीत लाकडाची बारीक पाचर हलकेच बसवावी आणि पुढे कापावे.

कोणते लाकूड सरावाला घ्यावे, असे नेहमी विचारले जाते. बाभूळ कठीण आहे, तिचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. बैलगाडीच्या चाकासाठी जे गुण उपयोगी पडतात तेच नवशिक्याला छळतात. सागवान कापायला सुखाचे, पण महाग, शिवाय त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते. सरावासाठी पाचगणी-महाबळेश्वर भागात दिसणाऱ्या सिल्व्हर ओकचे हलके लाकूड किंवा मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या खोक्यांबरोबर येणारे पाइन स्वस्तात मिळाले तर उत्तम. सिल्व्हर ओकच्या भुशाने काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते; तसे झाले तर ते लाकूड सोडून द्यावे. कोणतेही लाकूड कापताना नाकाला मास्क असावा, शिसव आणि साग यांना तर नक्कीच.

जुन्या लाकडाविषयी एक स्वतंत्र सूचना. वाई-साताऱ्याकडच्या पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि दारे अनेकांना मोह घालतात, आणि ते लाकूड खरोखर उत्तम वाळलेले असते. परंतु त्यात खिळे असतात, डोके तुटलेले आणि रंगाखाली दडलेले. कापण्याआधी जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून संथपणे फिरवावे आणि जेथे ते ओढले जाईल तेथे खडूने खूण करावी. पितळी खिळा मात्र चुंबकाला सापडत नाही, म्हणून हिरवट डागांवर लक्ष ठेवावे. सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या लाकडाचा दोष आणखी वेगळा आहे. त्याच्या भेगांत नदीचा गाळ बसलेला असतो आणि त्यातली वाळू नव्या करवतीची धार काही खेपांत घालवते. तारेच्या ब्रशने भेगा घासून, दोन्ही टोकांचा इंचभर भाग जुन्या करवतीने काढून टाकूनच चांगली करवत लावावी. खोक्यांच्या पाइनमध्येही खिळे असतातच.

पाते आणि दातांची फाक

येथवर सर्व नीट असूनही काप एकाच बाजूला वळत असेल, तर आता पाते पाहावे. करवत डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे दातांच्या रेषेवर नजर टाकावी. पात्याला कोठे मोड आहे का, हे असे पाहताच कळते. मग दात पाहावेत. ते आळीपाळीने एक डावीकडे आणि एक उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, हीच दातांची फाक; त्यामुळे फट पात्याच्या जाडीहून थोडी रुंद पडते आणि पाते मोकळे चालते. एका बाजूची फाक दुसरीपेक्षा जास्त असेल तर त्या बाजूचे दात अधिक कापतात आणि करवत तिकडे ओढली जाते.

याची खात्री करण्याची चाचणी सोपी आहे. टाकाऊ फळीवर पाच-सहा समांतर रेषा आखाव्यात आणि प्रत्येकीवर दोन इंच खोल काप, करवतीला मुळीच न वळवता, सैल हाताने घ्यावा. काप निरनिराळ्या बाजूंना गेले तर दोष पात्याचा नाही. पुन्हा पकड आणि कोपर यांकडे जावे. सर्व काप एकाच बाजूला गेले तर तीच करवत दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्यावी. त्याचेही काप तिकडेच गेले, म्हणजे फाक असमान आहे.

उपाय असा. करवत टेबलावर आडवी ठेवावी, ज्या बाजूला काप ओढला जातो ती बाजू वर, आणि बारीक तेलदगड दातांच्या त्या बाजूवर सपाट टेकवून मुठीकडून टोकापर्यंत एकदाच, हलक्या हाताने ओढावा. एकदाच. मग पुन्हा चाचणी घ्यावी. बहुतेक करवती एक-दोन खेपांत सरळ चालू लागतात. त्याहून जास्त लागत असेल तर दगड थांबवावा, कारण त्या बाजूची फाकच संपली तर पाते अडकू लागेल आणि ते पुन्हा फाकवणे हे वेगळे काम आहे.

धार

दातांच्या टोकांवर उजेड तिरपा पाडून पाहावे. धारदार टोक चमकत नाही. बोथट टोकावर पांढरा ठिपका दिसतो. असे ठिपके बहुतेक दातांवर असतील तर धार लावावी लागेल. त्याआधी करवत धार लावण्याजोगी आहे का हे ठरवावे. सध्या दुकानांत मिळणाऱ्या पुष्कळ करवतींचे दात कारखान्यातच कडक केलेले असतात, त्यांची टोके निळसर-काळी दिसतात आणि कानस त्यांवरून घसरते. त्या करवती धार गेल्यावर बदलायच्याच असतात. त्यांच्यावर कानस वाया घालवू नये.

साध्या पोलादी दातांच्या करवतीला धार लावणे शिकता येते, आणि चिरण्याच्या करवतीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात कानस पात्याशी सरळ काटकोनात चालते. पाते दोन रिपांमध्ये दातांजवळ घट्ट धरावे. प्रथम सपाट कानस सर्व दातांच्या टोकांवरून हलकी फिरवावी, म्हणजे सर्व दात एका उंचीवर येतात. मग त्रिकोणी कानस प्रत्येक खाचेत बसवून, सारख्या जोराने आणि सारख्या खेपांनी, केवळ पुढे ढकलत घासावे, आणि टोकावरचा पांढरा ठिपका नाहीसा होताच थांबावे. आडव्या कापाच्या करवतीला कानस साधारण 20 अंश तिरपी धरून एक सोडून एक खाच एका बाजूने आणि उरलेल्या दुसऱ्या बाजूने घासायच्या असतात. ते दुसऱ्या टप्प्याचे काम आहे.

फाक नव्याने देण्यासाठी खास पक्कड मिळते. ती वापरताना दाताचा वरचा निम्मा भागच वाकवावा, आणि एकूण रुंदी पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून अधिक होऊ देऊ नये. फाक जास्त दिली की फट रुंद पडते आणि पाते तिच्यात डुलते. ओल्या लाकडाला थोडी जास्त लागते, वाळलेल्या सागाला कमी.

कोठे थांबावे आणि कोणाकडे जावे

पात्याला मोड पडली असेल, ओळीने तीन-चार दात तुटले असतील, किंवा दातांची उंची इतकी खालीवर झाली असेल की नवे दात पाडावे लागतील, तर करवत बाजारपेठेतल्या धारवाल्याकडे किंवा जुन्या सुताराकडे न्यावी. मोड हातोडीने ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न घरी करू नये. ठोकल्याने पोलाद ताणले जाते आणि पाते कायमचे लुळे पडते; ते काम जाणकार ऐरणीवर, कोठे आणि किती मारायचे हे ओळखून करतो. धारवाल्याला नुसते ‘धार लावा’ असे सांगू नये. करवत आडव्या कापासाठी वापरता की चिरण्यासाठी, लाकूड कोणते आणि काप कोणत्या बाजूला ओढला जातो, हे तिन्ही सांगावे, नाहीतर तो त्याच्या सवयीप्रमाणे दात घासून देईल. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा अभ्यासक्रम असेल, तर तेथील शिक्षकांसमोर एक काप घेऊन दाखवावा. कोपराचा वळसा स्वतःला दिसत नाही, समोरच्याला तत्काळ दिसतो.

विजेच्या गोल करवतीचा काप वाकडा येत असेल, तर प्लग काढून ठेवून पाते सैल आहे का आणि तळपट्टी काटकोनात आहे का, एवढेच पाहावे. पाते फिरताना थरथरत असेल, आवाज बदलला असेल, जळका वास येत असेल, संरक्षक झाकण परत मिटत नसेल किंवा यंत्राला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर काम तेथेच बंद करून यंत्र दुरुस्तीला द्यावे. कार्बाइडच्या दातांचे पाते साध्या कानशीने घासता येत नाही, त्याला हिऱ्याचे चाक लागते. ते पाते धारेच्या दुकानातच द्यावे. लाकडात फट मिटून गोल करवत मागे उसळते तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून ओल्या, पिळदार किंवा वाड्यातल्या खिळ्यांच्या लाकडावर नवशिक्याने ती चालवूच नये.

उभ्या घरातली तुळई, खांब किंवा दाराची चौकट कापायची असेल तर प्रश्न करवतीचा राहत नाही. त्या लाकडावर वरचा भार असतो, आणि काप अर्धा गेल्यावर फट मिटू लागली तर तो भार करवतीवर येत असतो. तेथे पाते ओढून काढण्याचा खटाटोप न करता बाजूला व्हावे, वर-खाली कोणाला जाऊ देऊ नये आणि आधी टेकू देणारा अनुभवी सुतार किंवा बांधकाम अभियंता बोलवावा.